'गॅटाका' आणि कधीच गोळा न केलेला डेटा

'गॅटाका' या सिनेमात नोकरीच्या मुलाखतीचा एक छोटासा प्रसंग आहे. उमेदवार आत येतो. डॉक्टर त्याच्याकडून लघवीचा नमुना घेतात, मशीनमध्ये टाकतात, निकाल बघतात आणि अभिनंदन करतात. उमेदवार गोंधळून विचारतो, मुलाखत कधी आहे? डॉक्टर म्हणतात, झाली की, हीच मुलाखत.

प्रसंग मिनिटभराचाही नाही. पण तुम्ही संशोधनाची तयारी करत असाल, पीएचडीचं प्रपोजल लिहायला घेणार असाल, तर यावर थोडं थांबा. आजच्या लेखात मला या सिनेमातलं जेनेटिक्स समजावून सांगायचं नाही. या सिनेमातल्या संस्थेने संशोधनाची एक मोठी चूक केली आहे, ती तुम्हाला दाखवायची आहे. तीच चूक खऱ्या जगातही झालेली आहे आणि उद्या तुमच्या-माझ्या थीसिसमध्येही होऊ शकते.

(सिनेमा बघितला नसेल तर आधी बघून या. खाली शेवटासकट सगळं सांगितलं आहे.)

गोष्ट थोडक्यात

अँड्र्यू निकोल यांनी लिहिलेला आणि दिग्दर्शित केलेला हा सिनेमा ऑक्टोबर 1997 मध्ये आला. ते वर्ष लक्षात घ्या. त्याच वर्षी फेब्रुवारीत डॉली या क्लोन केलेल्या मेंढीची बातमी जगभर गाजली होती. 1990 मध्ये सुरू झालेला ह्यूमन जीनोम प्रोजेक्ट अजून अर्ध्यावर होता. सिनेमाचं नावही डीएनएच्या जी, ए, टी, सी या चार अक्षरांतून तयार केलेलं आहे.

या जगात ऐपत असलेले आईवडील प्रयोगशाळेत भ्रूण निवडून मुलं जन्माला घालतात. ती मुलं 'व्हॅलिड'. नैसर्गिक पद्धतीने जन्मलेली मुलं 'इन-व्हॅलिड'. व्हिन्सेंट (ईथन हॉक) हा असा इन-व्हॅलिड मुलगा. जन्मल्याबरोबर त्याच्या रक्ताच्या थेंबावरून भविष्य वाचलं जातं: हृदयविकाराची शक्यता 99 टक्के, अटेन्शन डेफिसिट डिसऑर्डरची 89 टक्के, अपेक्षित आयुष्य 30.2 वर्षं. शाळा त्याला घेत नाही, कारण तो पडला-झडला तर विमा मिळणार नाही. त्याला अंतराळात जायचं असतं. पण 'गॅटाका' या अंतराळसंस्थेत त्याला काम मिळतं ते सफाईचं.

मग तो जेरोम (जूड लॉ) या व्हॅलिड माणसाची ओळख उसनी घेतो. जेरोम जलतरणातला रौप्यपदक विजेता आहे, अपघातानंतर व्हीलचेअरवर आहे. रक्त, लघवी, केस सगळं जेरोमचं. काम मात्र व्हिन्सेंटचं. अशा रीतीने व्हिन्सेंट संस्थेतल्या उत्तम नॅव्हिगेटरपैकी एक होतो आणि शेवटी शनीच्या टायटन या चंद्राकडे निघतो.

जनुकांवरून भेदभाव करायला या जगात कायद्याने बंदी आहे. पण कायदा कोणी मनावर घेत नाही. तुम्ही नमुना दिला नाही, तर दाराच्या मुठीवरून किंवा पाकिटाच्या चिकटपट्टीवरून तो मिळवता येतो.

पहिला प्रश्न: 99 टक्के, पण कशाचे?

माझ्या गाईडची एक सवय आहे. प्रेझेंटेशनमध्ये कुठलाही आकडा आला की त्या विचारतात, "हा आकडा नक्की कशाचा आहे?" सुरुवातीला याचा राग यायचा. आता मी स्वतःच सिनेमा बघतानासुद्धा हे विचारते.

व्हिन्सेंटचा आकडा हृदयविकाराचा आहे. संस्थेला मात्र जाणून घ्यायचंय की हा माणूस नॅव्हिगेटर म्हणून चांगला आहे का. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संस्था पहिल्या गोष्टीचा आकडा दुसऱ्या गोष्टीचं उत्तर म्हणून वापरते. संशोधनाच्या भाषेत याला आपण वैधतेचा प्रश्न म्हणतो: जे मोजायचं होतं तेच मोजलं का? हुशारी मोजायची म्हणून गुण मोजले, गरिबी मोजायची म्हणून रेशनकार्डाचा रंग मोजला, असं आपणही करतो. तसं करायला हरकत नाही, पण मधलं अंतर किती आहे हे लिहावं लागतं.

इथे एक प्रामाणिक गोष्टही सांगायला हवी. व्हिन्सेंटचं हृदय खरंच कमजोर आहे. ट्रेडमिलच्या चाचणीत तो जेरोमच्या ठोक्यांचं रेकॉर्डिंग लावतो, आणि ते संपल्यावर कसाबसा वेळ निभावून नेतो. अंतराळयानात असा माणूस असावा का, हा प्रश्न अजिबात चुकीचा नाही. आजही अंतराळवीरांची कडक वैद्यकीय तपासणी होते. पण त्या तपासणीत आज शरीराची अवस्था काय आहे ते बघतात. गॅटाकात जन्माच्या दिवशी केलेलं भाकीत बघतात. त्या दिवशी दार बंद झालं की पुढे कोणी हृदय तपासायचीही तसदी घेत नाही.

चार खणांचा तक्ता

आता एक कागद घ्या आणि चार खणांचा तक्ता काढा. आडव्या ओळीत भाकीत: 'यशस्वी होईल' आणि 'होणार नाही'. उभ्या रांगेत प्रत्यक्ष: 'झाला' आणि 'झाला नाही'. आता सिनेमातली माणसं त्यात बसवा.

जेरोमचं भाकीत अव्वल. पण तो दुसरा आला, आणि ते दुसरेपण त्याला इतकं लागलं की तो स्वतःहून गाडीसमोर गेला. हे आपल्याला नंतर कळतं. म्हणजे 'होईल' असं भाकीत, प्रत्यक्षात संस्थेच्या मोजपट्टीने अपयश.

संस्थेचे संचालक जोसेफ यांच्यासाठी असाच दुसरा तक्ता काढा, हिंसेचा. संस्थेत खून होतो तेव्हा ते पोलिसांना सांगतात की माझा जनुकीय अहवाल बघा, त्यात हिंसक वृत्तीचा लवलेश नाही. पोलीस मानतात. खून त्यांनीच केलेला असतो. उलट घटनास्थळी एका इन-व्हॅलिडची पापणीचा एक केस सापडतो, आणि सगळा तपास त्याच्या मागे लागतो.

आणि व्हिन्सेंट? 'होणार नाही' असं भाकीत, प्रत्यक्षात झाला. आता या खणाकडे नीट बघा. व्हिन्सेंटने फसवणूक केली नसती तर या खणात कोण असतं? कोणीच नाही. 'होणार नाही' असं भाकीत असलेल्या कोणालाच संस्थेने आत घेतलेलं नाही. त्यामुळे ते काय करू शकले असते याची एकही नोंद नाही. ते दोन्ही खण रिकामे आहेत.

गॅटाकाची मूळ चूक ही आहे. संस्थेला वाटतं की आपली पद्धत उत्तम चालते, कारण आत घेतलेले लोक बहुतेक चांगलं काम करतात. पण नाकारलेल्यांनी वाईट केलं असतं, याचा पुरावा तिच्याकडे नाही. तो तिने गोळाच केलेला नाही. ज्या गटावर निर्णय घेतला, त्याच गटाचा निकाल निर्णयामुळे दिसेनासा झाला. संख्याशास्त्रात आणि मशीन लर्निंगमध्ये हा ओळखीचा प्रश्न आहे. बँकेने ज्यांना कर्ज नाकारलं, त्यांनी ते फेडलं असतं की नाही, हे बँकेच्या डेटात कधीच दिसत नाही. तसंच हे.

इथे उलट बाजूची घाईही करू नका. व्हिन्सेंट यशस्वी झाला म्हणून 99 टक्क्यांचा आकडा खोटा ठरला, असं म्हणता येत नाही. शंभरात एक सुटतो, हे त्या आकड्यातच आहे. एका माणसाच्या गोष्टीवरून संभाव्यता खोटी ठरत नाही, खरीही ठरत नाही. सिनेमा आपल्याला इथे भावनेने जिंकतो. व्हायवाला मात्र भावना चालणार नाही.

खोटं ठरूच न शकणारं विधान

हेच संचालक जोसेफ एका प्रसंगात जे बोलतात, ते पद्धतीशास्त्राच्या वर्गात शिकवावं असं आहे. त्यांचं म्हणणं असं, की कोणीही आपल्या क्षमतेच्या पलीकडे जात नाही. पोलीस विचारतो, आणि कोणी गेलाच तर? उत्तर येतं, तर त्याची क्षमता मोजण्यात आमची चूक झाली होती एवढाच त्याचा अर्थ.

ऐकायला किती नम्र वाटतं ना? पण बघा काय झालं. विरोधी पुरावा आला तरी सिद्धांताला धक्का लागत नाही, फक्त त्या एका मोजमापाला लागतो. कार्ल पॉपर यांचं नाव तुम्ही नेटच्या तयारीत वाचलं असेल. त्यांची कसोटी इथे लावा: हे विधान खोटं ठरेल अशी एखादी परिस्थिती तुम्ही सांगू शकता का? इथे सांगता येत नाही. तुमच्या गृहीतकाबाबतही हा प्रश्न विचारून बघा. 'काय दिसलं तर मी माझं म्हणणं मागे घेईन?' याचं उत्तर एका वाक्यात लिहिता येत नसेल तर गृहीतक अजून तयार नाही.

हे खरंच घडलं होतं

तुम्ही म्हणाल, सिनेमा आहे, सोडा. म्हणून एक खरं उदाहरण.

सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे. आई आणि वडील दोघांकडून सिकलसेलचं जनुक आलं तर आजार होतो. एकाकडूनच आलं तर माणूस 'वाहक' असतो आणि सहसा निरोगी आयुष्य जगतो. अमेरिकेत हे जनुक प्रामुख्याने कृष्णवर्णीयांमध्ये आढळतं. टेक्सासमधल्या फोर्ट ब्लिस या लष्करी तळावर प्रशिक्षणादरम्यान चार वाहक सैनिकांचा मृत्यू झाल्याचा अहवाल 1970 मध्ये छापून आला. अमेरिकेच्या हवाईदल अकादमीने वाहकांना प्रवेश नाकारला, आणि ही बंदी 1981 मध्ये उठेपर्यंत टिकली. उडायचं स्वप्न बघणारा निरोगी तरुण, आणि रक्ताच्या तपासणीवरून बंद झालेलं दार. गॅटाका यायच्या सोळा वर्षं आधीपर्यंतची ही गोष्ट आहे.

आता गंमत बघा. अकादमीने ज्यांना घेतलंच नाही त्यांच्याबद्दल अकादमीकडे काय डेटा असणार? डेटा आला तो सैन्याच्या साध्या भरतीतून, कारण तिथे वाहकांना दार उघडं होतं. 1977 ते 1981 या काळातल्या सुमारे 20 लाख नव्या सैनिकांचा अभ्यास 1987 मध्ये प्रसिद्ध झाला. मूलभूत प्रशिक्षणात, कारण न सापडलेल्या अचानक मृत्यूंचं प्रमाण कृष्णवर्णीय वाहकांमध्ये एक लाखात सुमारे 32 निघालं, आणि वाहक नसलेल्या कृष्णवर्णीयांमध्ये एक लाखात सुमारे 1. म्हणजे जोखीम जवळजवळ 28 पट.

'28 पट' ऐकलं की दार बंद करावंसं वाटतं. 'एक लाखात 32' ऐकलं की वाटतं, उरलेल्या 99,968 जणांचं काय? दोन्ही आकडे खरे आहेत, एकाच अभ्यासातले आहेत. सापेक्ष आणि निरपेक्ष जोखीम यातला फरक हाच. पेपर वाचताना दोन्ही शोधा. एकच दिला असेल तर दुसरा स्वतः काढा.

आणखी पुढे या. 2016 मध्ये 47,944 कृष्णवर्णीय सैनिकांचा अभ्यास आला, 2011 ते 2014 या काळातला. या वेळी वाहक आणि वाहक नसलेले यांच्या मृत्यूच्या जोखमीत फरक दिसला नाही. अतिश्रमाने स्नायू विरघळण्याचा जो त्रास होतो त्याची जोखीम मात्र वाहकांमध्ये सुमारे 54 टक्क्यांनी जास्त होती. या काळापर्यंत लष्कराने पाणी, ऊन आणि विश्रांती यांचे नियम सगळ्याच सैनिकांना लावले होते, वाहक कोण हे न विचारता. या नियमांमुळेच मृत्यूतला फरक मिटला, असं हा अभ्यास सिद्ध करत नाही. पण एक गोष्ट नक्की दिसते: जनुक तेच राहिलं आणि जोखमीचा आकडा वेगळा आला. म्हणजे तो आकडा केवळ जनुकाचा नव्हता, परिस्थितीचाही होता.

फेनिलकीटोन्यूरिया या आजारातही हेच दिसतं. नवजात बाळाच्या टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन तो ओळखण्याची चाचणी 1960 च्या दशकात आली. जनुकामुळे होणारा हा आजार वेळेत कळला आणि आहार बदलला, तर मेंदूचं नुकसान टळतं. व्हिन्सेंटच्याही पायातून थेंबभरच रक्त घेतलं होतं. खऱ्या दवाखान्यात त्या थेंबावरून बाळाचं जेवण ठरतं, सिनेमात बाळाची लायकी ठरते.

आज आपण कुठे आहोत?

सिनेमातली भ्रूणनिवड कितपत शक्य आहे, हा तुमच्या मनातला प्रश्न असणार. एकाच जनुकाने होणारे आजार भ्रूणात तपासता येतात, हे 1990 च्या सुमारासच सुरू झालं. पण उंची, बुद्धी, हृदयविकार यांत हजारो जागांचा थोडाथोडा वाटा असतो. उंचीचंच घ्या. 2022 मध्ये 54 लाख लोकांच्या डेटावरून उंचीशी संबंधित 12,111 जागा सापडल्या, आणि त्यांतून युरोपीय वंशाच्या लोकांमधल्या उंचीच्या फरकाचा सुमारे 40 टक्के भाग समजतो. 2019 च्या एका अभ्यासाने हिशोब मांडला होता, की दहा भ्रूणांतून जनुकीय गुणांवर सर्वात उंच निवडला तरी सरासरी फायदा अडीच सेंटिमीटरच्या आसपास. बुद्ध्यांकात अडीच गुण. गॅटाकाच्या मानाने फारच किरकोळ.

आणि हे आकडे कोणाचे? 2019 मध्ये केलेल्या मोजणीनुसार अशा अभ्यासांतले सुमारे 79 टक्के लोक युरोपीय वंशाचे होते. त्यामुळे हीच मोजपट्टी आपल्याला लावली की ती कमी अचूक ठरते. पुन्हा तोच रिकामा खण, फक्त या वेळी त्यात आपण आहोत.

कायद्याचं बोलायचं तर अमेरिकेत 2008 मध्ये जनुकीय माहितीवरून भेदभाव रोखणारा 'जीना' हा कायदा आला. आरोग्य विमा आणि नोकरी त्यात येतात. आयुर्विमा येत नाही. भारतात असा स्वतंत्र कायदा नाही. पण फेब्रुवारी 2018 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयासमोर एक प्रकरण आलं. रुग्णाला हृदयाच्या स्नायूचा आजार होता आणि विमा कंपनीने 'जनुकीय आजार' म्हणून दावा नाकारला होता. सरसकट सगळे जनुकीय आजार वगळणं भेदभाव आहे, संविधानाच्या कलम 14 विरुद्ध आहे, असं न्यायालयाने म्हटलं. शाळेने विम्यापायी नाकारलेला, कमजोर हृदयाचा व्हिन्सेंट इथे आठवल्याशिवाय राहत नाही.

आपल्या आणखी जवळ यायचं तर सिकलसेलच. गडचिरोली, नंदुरबारसारख्या जिल्ह्यांत हा आजार नवा नाही. जुलै 2023 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत 40 वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायचं ठरलं, आणि तपासलेल्यांना कार्ड दिलं जातं. याचा फायदा खरा आहे. दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते, आणि हे आधी कळणं महत्त्वाचं आहे. पण वाहक मुलगी स्वतः निरोगी असते, आणि नवरा वाहक नसेल तर तिच्या मुलांना हा आजार होत नाही. तिचं कार्ड पाहून स्थळ परत गेलं, तर तिचं काय चुकलं? तिने कार्ड कोणाला दाखवायचं, कोणी मागू शकतं, हे कोण ठरवतं? समाजशास्त्र, कायदा, सार्वजनिक आरोग्य, कुठल्याही विभागातून यावर थीसिस होऊ शकतो, आणि त्यासाठी लागणारी माणसं आपल्याच राज्यात आहेत.

तुमच्या प्रपोजलसाठी

विषय कुठलाही असो, भाकितावर किंवा निवडीवर काम करत असाल तर हे चार प्रश्न वहीत लिहून ठेवा:

1. आकडा नक्की कशाचा आहे, आणि मी तो कशासाठी वापरतोय किंवा वापरतेय?
2. माझ्या डेटात कोण आलंच नाही? त्यांना कोणी आणि का वगळलं?
3. परिस्थिती बदलली तर हा आकडा बदलेल का?
4. भाकीत चुकलं तर किंमत कोण मोजतं? भाकीत करणारा की ज्याच्याबद्दल केलं तो?

सिनेमात चौथ्या प्रश्नाचं उत्तर देणारं एक पात्र आहे: लघवीचा नमुना घेणारे ते डॉक्टर, लमार. शेवटी यानात चढण्याआधी अचानक तपासणी होते, आणि व्हिन्सेंटकडे जेरोमचा नमुना नसतो. मशीन त्याला इन-व्हॅलिड ठरवतं. डॉक्टर आपल्या मुलाबद्दल बोलतात. जसं सांगितलं होतं तसा काही तो निघाला नाही, असं काहीसं. आणि व्हिन्सेंटला जाऊ देतात. म्हणजे त्यांना आधीपासूनच माहीत होतं. रोज मशीन चालवणाऱ्या माणसाच्या घरातच भाकीत चुकलं होतं, आणि ते नोंदवायला कुठल्याही रजिस्टरमध्ये रकाना नव्हता.

तुमची प्रश्नावली किंवा डेटाशीट तयार असेल तर आज एकदा उघडून बघा. असा रकाना तुमच्याकडे आहे का?